भाज्यांचे टॅको आणि बेचव पथ्याचा गैरसमज

"डॉक्टर, मग खायचं तरी काय?" साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला किंवा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हातात घेतलेला रुग्ण शेवटी या प्रश्नावर येतोच. आणि आपल्याकडे त्याचं ठरलेलं उत्तर असतं : तेल कमी, मीठ कमी, मांसाहार कमी, भाज्या जास्त. उत्तर चुकीचं नाही. पण घरी गेल्यावर त्याचा अर्थ होतो उकडलेला दुधी, वाफवलेली फरसबी आणि ताटाकडे बघून टाकलेला सुस्कारा. तीन आठवडे हे चालतं. चौथ्या आठवड्यात माणूस कोपऱ्यावरच्या गाडीवर उभा असतो, आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी होती तिथेच.

माझं मत स्पष्ट आहे. बेचव पथ्य हे औषध नसलेल्या गोळीसारखं आहे. ज्या आहाराची चव माणसाला आवडत नाही, तो आहार तो पाळणार नाही आणि जो पाळला जात नाही त्याचा उपयोग शून्य. म्हणून आज मी तुम्हाला एका पदार्थाबद्दल सांगणार आहे, ज्याची मागणी बहुतेक घरांत आता मुलं करतात आणि आईवडील 'बाहेरचं जंक' म्हणून नाकारतात : टॅको. तोही मांसाशिवाय, भाज्यांचा, घरी केलेला.

आधी टॅको म्हणजे काय ते नीट समजून घेऊ

आपल्या मॉलमध्ये मिळतो तो तळलेला, कडक, पिवळा, यू आकाराचा टॅको ही मेक्सिकोतल्या घरची रोजची गोष्ट नाही. तो प्रकार अमेरिकेत वाढला आणि फास्टफूडच्या साखळ्यांनी जगभर नेला. मेक्सिकोत टॅको म्हणजे तव्यावर भाजलेली मऊ, लहान, मक्याची पोळी, म्हणजे टॉर्टिया, आणि तिच्यात घडी घालून जे काही घरात असेल ते. आपण भाकरीत झुणका घालून गुंडाळी करतो, तितकीच साधी गोष्ट. ज्या तव्यावर ती भाजतात त्याला तिथे कोमाल म्हणतात, आणि आपला लोखंडी तवा त्याचा सख्खा भाऊ शोभेल.

'टॅको म्हणजे मांस' हाही गैरसमजच. भाजून सोललेल्या मोठ्या हिरव्या मिरच्यांच्या पट्ट्या आणि साय, निवडुंगाची कोवळी पानं, भोपळ्याची फुलं, अळंबी, कुस्करलेला बटाटा, घोटलेला राजमा, हे सगळे मेक्सिकोतले जुने, रोजचे, बिनमांसाचे टॅको आहेत. पावसाळ्यात मक्याच्या कणसावर वाढणारी एक काळी बुरशीसुद्धा तिथे आवडीने खातात. सांगायचा मुद्दा, भाज्यांचा टॅको ही मांसाच्या टॅकोची गरीब नक्कल नाही. त्याचं स्वतःचं घराणं आहे.

आणि या घराण्याशी आपली जुनी ओळख आहे. मका, मिरची, टोमॅटो, भोपळा, राजमा ही सगळी मंडळी अमेरिका खंडातली. मिरची पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात गोव्याच्या किनाऱ्याला लागली आणि आता आपण तिला आपलीच समजतो. टोमॅटो हा शब्दसुद्धा मेक्सिकोतल्या नावाट्ल भाषेतला. त्यामुळे या पदार्थाचं नाव परकं वाटलं तरी सामान तुमच्या भाजीवाल्याकडेच आहे.

चुन्याची गोष्ट, जी प्रत्येक डॉक्टरने सांगायला हवी

इथे थोडं विषयांतर करतो, पण ते ऐकण्यासारखं आहे.

मेक्सिकोत मक्याचे दाणे थेट दळत नाहीत. आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसेच ठेवतात, मग धुऊन वाटतात. या प्रक्रियेला निक्स्टमलायझेशन म्हणतात. चुना म्हणजे तोच कॅल्शियम हायड्रॉक्साइड, जो आपण विड्याच्या पानाला लावतो. यामुळे दाण्याचं साल सुटतं, पिठाला चिकटपणा येतो, कॅल्शियम वाढतं. पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मक्यात घट्ट बांधलेलं नायसिन, म्हणजे बी-3 जीवनसत्त्व, मोकळं होतं आणि आपल्या आतड्यांना ते घेता येतं.

हजारो वर्षांपूर्वी हे कुणाला कळलं, कसं कळलं, सांगता येत नाही. पण युरोपीय लोकांनी मका उचलला आणि चुना तिथेच सोडला. परिणाम काय झाला? 1735 मध्ये स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने मका खाऊन जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांमध्ये एक विचित्र आजार पाहिला. उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर काळपट, खरखरीत चट्टे, गळ्याभोवती हार घातल्यासारखा पट्टा, जुलाब, आणि पुढे बुद्धिभ्रम. हाच पेलाग्रा. इटलीत पसरला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत हजारो माणसं त्याने मेली. लोक म्हणत, हा संसर्ग आहे, सडक्या मक्यातलं विष आहे. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी आहार बदलून दाखवून दिलं की हा आजार जंतूंचा नाही, ताटाचा आहे. पुढे 1937 मध्ये कॉनरॅड एल्व्हेहेम यांनी निकोटिनिक आम्ल, म्हणजे नायसिन, यावरचा उपाय असल्याचं सिद्ध केलं.

आपल्याकडेही याची एक शाखा आहे. दख्खनच्या पठारावर फक्त ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांमध्ये पेलाग्रा दिसायचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं आहे त्या डॉ. सी. गोपालन यांनी 1960 च्या सुमारास ज्वारीतल्या ल्यूसिन या अमिनो आम्लाशी त्याचा संबंध मांडला. म्हणून भाकरी वाईट का? मुळीच नाही. भाकरीबरोबर डाळ, उसळ, ताक असेल तर प्रश्नच येत नाही. एकाच धान्यावर जगावं लागणं वाईट.

मेक्सिकोच्या शेतात मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावायची पद्धत आहे. घेवड्याचा वेल मक्यावर चढतो, भोपळ्याची पानं जमीन झाकतात. ताटातही तसंच. मक्याच्या प्रथिनात लायसिन कमी, ते राजमा भरून काढतो. डाळभात किंवा भाकरी-उसळ यांच्यामागे जे गणित आहे तेच इथे आहे. मांस न घालता टॅको पूर्ण अन्न होतो तो या जोडीमुळे. नुसत्या सिमला मिरचीच्या पट्ट्या भरलेला टॅको पूर्ण अन्न नाही, हे लक्षात ठेवा.

एक डॉक्टरी सूचना : घरी चुन्याचे प्रयोग करू नका. ट्यूबमधला चुना लहान मुलांच्या डोळ्यात उडून बुब्बुळ भाजल्याचे रुग्ण आपल्याकडे सतत येतात, आणि ती दृष्टी पुष्कळदा पूर्ण परत येत नाही. असं झालं तर डोळा लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने सलग धूत राहा आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे पळा. टॉर्टियासाठी प्रक्रिया केलेलं तयार पीठ मोठ्या शहरांत मिळतं. नाही मिळालं तरी अडत नाही, पुढे सांगतो.

भाज्यांचा टॅको बेचव का होतो?

कारण आपण भाजी शिजवतो, भाजत नाही.

मांसाला चव तीन गोष्टींनी येते : चरबी, ग्लुटामेटची खमंग चव, आणि तव्यावर पडलेला तपकिरी रंग. हा तपकिरी रंग म्हणजे नुसता रंग नव्हे. प्रथिनं आणि साखर तापल्यावर एकमेकांशी जुळून शेकडो नवे सुगंधी घटक तयार होतात, तो त्याचा पुरावा. पण ही क्रिया जोमाने व्हायला साधारण 140 अंशांच्या वर तापमान लागतं. कढईत पाणी आहे तोवर तापमान 100 अंशांच्या वर जातच नाही. म्हणजे झाकण ठेवलं, भाजीला पाणी सुटलं, की भाजी वाफवली जाणार. मऊ होईल, खमंग होणार नाही.

म्हणून फ्लॉवरचे तुरे धुऊन फडक्याने कोरडे करा. लोखंडी तवा किंवा बिडाची कढई चांगली तापवा, चमचाभर तेल, आणि भाजी एका थरात पसरा. गर्दी करू नका, दोन घाण्यांत करा. झाकण नाही. आणि हलवायचा मोह आवरा! एक बाजू तांबूस झाल्याशिवाय उलथनं लावू नका. मीठ शेवटी, कारण मीठ पाणी सोडवतं. अळंबीला तर हे तंतोतंत लागू आहे. तिचं पाणी सुटेल, आटेल, त्यानंतर ती खरी भाजायला लागेल. अळंबीत ग्लुटामेट मुळातच असतं, तसंच पिकलेल्या टोमॅटोत. 1908 मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून हीच चव वेगळी काढली होती. मांसाचा खमंगपणा हा फक्त मांसाचा मक्ता नाही, एवढंच.

फ्लॉवर, अळंबी, लाल भोपळा, रताळं, मक्याचे दाणे, ढोबळी मिरची, वांगं, यांतल्या कोणत्याही दोन घ्या. वांग्याचं भरीत करता तसं गॅसवर भाजून घातलंत तर जो धुरकट वास येतो, तो मेक्सिकन स्वयंपाकात धुरी दिलेल्या सुक्या मिरचीतून येतो. आपल्याला भरीत येतं, मग बरणीतली महागडी पेस्ट कशाला?

चटणी हा टॅकोचा जीव. तीन पिकलेले टोमॅटो, एक कांदा जाड फोडी करून, सालासकट चार लसूण पाकळ्या, दोन ब्याडगी मिरच्या, हे सगळं कोरड्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाजायचं. मिरची मात्र काही सेकंदच, जळली की कडू. टोमॅटोची साल काळी झाली तरी घाबरू नका, जास्त करपलेली तेवढी काढा. लसूण सोलून सगळं जाडसर वाटा. मेक्सिकोत हे दगडी खलात वाटतात. पाटा-वरवंटा असेल तर उत्तमच, नसेल तर मिक्सर दोनदा फिरवून थांबवा, पेस्ट करू नका. वरून कोथिंबीर आणि लिंबू.

राजमा एक वाटी. त्यात जिरं, लसूण, कांदा आणि किंचित ओवा. मेक्सिकन ओरेगॅनो वेगळी वनस्पती आहे, पण ओव्याचा वास त्या कुळाशी बऱ्यापैकी जुळतो. चिमूटभरच, नाहीतर भजी खाल्ल्यासारखं वाटेल. अर्धा राजमा घोटून, अर्धा अख्खा ठेवा.

आता पोळी. इथे बहुतेकांची फसगत होते. दुकानात 'कॉर्नफ्लोअर' म्हणून मिळते ती पांढरी भुकटी म्हणजे निव्वळ मक्याचा स्टार्च. त्याची पोळी होत नाही आणि मधुमेह्याने ती करायचा प्रयत्नही करू नये. तुम्हाला हवं ते मक्याचं पीठ, पिवळसर, भाकरीचं. ते उकळत्या पाण्यात भाकरीसारखं मळा, दहा मिनिटं झाकून ठेवा, दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये दाबून पुरीपेक्षा थोडी मोठी पोळी करा आणि तव्यावर भाजून लगेच कापडात गुंडाळा. घडी घालताना मोडत असेल तर तिसरा हिस्सा कणीक मिसळा. ज्वारीच्या पातळ, लहान भाकरीतही हे सारण सुंदर लागतं. त्याला टॅको म्हणावं का, हा वाद मेक्सिकन माणसासमोर घालू नका, पण तुमच्या शरीराला त्याने फरक पडत नाही.

भरताना : राजमा खाली, भाजलेली भाजी वर, त्यावर चटणी, मग बारीक चिरलेला कच्चा कोबी किंवा कांदा, आणि लिंबू पिळून लगेच खायचं. सायीच्या जागी चक्का फेटून घातला तर प्रथिनंही वाढतात. अ‍ॅव्होकॅडो छान, पण त्याच्या किमतीत आठवड्याची भाजी येते. नसला तरी चालेल.

राजम्याबद्दल एक गंभीर गोष्ट

कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन असतं. लाल राजम्यात ते सर्वात जास्त. थोडे दाणे जरी पोटात गेले तरी एक ते तीन तासांत जोरदार उलट्या, मग जुलाब. रुग्ण म्हणतो, 'बाहेरचं काही खाल्लं नव्हतं.' राजमा किमान पाच तास, शक्यतो रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात शिजवा. कुकरमध्ये पूर्ण मऊ होईपर्यंत शिजला की विष नष्ट होतं. धोका आहे तो मंद आचेच्या विजेच्या भांड्यांचा, ज्यांना स्लो कुकर म्हणतात. त्यांचं तापमान पुरेसं वाढत नाही, आणि कमी तापलेल्या राजम्यात हे विष कच्च्यापेक्षाही जास्त त्रासदायक ठरू शकतं. परदेशात शिकणाऱ्या मुलांना हे जरूर सांगा. भिजवलेलं पाणी फेकल्याने गॅसही कमी होतो, कारण गॅस करणाऱ्या काही साखरा पाण्यात उतरतात.

मीठ, मसाल्याचं पाकीट आणि मिरचीवरचे आरोप

घरी टॅको करायचे म्हटलं की लोक आधी 'टॅको सीझनिंग'चं पाकीट आणतात. पाकीट उलटं करून बघा. सोडियमचा आकडा असेल त्याला अडीचने गुणा, तेवढं मीठ. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे सगळ्या पदार्थांतलं मिळून साधारण एक सपाट चहाचा चमचा. पाकीट, बरणीतल्या खारवलेल्या मिरच्या, किसलेलं प्रोसेस्ड चीज आणि वर नाचोज, एवढ्यात ती मर्यादा एका जेवणात संपू शकते. वर दिलेल्या पद्धतीत चार माणसांना मिळून पाऊण चमचा मीठ पुरतं. कारण लिंबाचा आंबटपणा खारटपणा वाढवून दाखवतो आणि भाजल्याने आलेली चव मिठाची उणीव भासू देत नाही. रक्तदाबाच्या रुग्णांना मी आंबट आणि भाजकं यांचा आधार घ्या असं म्हणतो तो याचसाठी.

मांसासारखे दिसणारे, मांसासारखे लागणारे तयार गोळेही आता मिळतात. ज्याला आवडतात त्याने कधीतरी खावेत. पण त्यांतल्या पुष्कळांत मीठ आणि तेल भरपूर असतं, आणि राजमा असताना त्यांची गरज मला तरी कळलेली नाही.

मिरचीने अल्सर होतो, हा समज अजून जात नाही. अल्सरची मुख्य कारणं दोन : हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू, ज्याच्या शोधासाठी मार्शल आणि वॉरन यांना 2005 चं नोबेल मिळालं, आणि दुखण्यावरच्या गोळ्या मनाने घेणं. मात्र ज्यांना छातीत जळजळ होते त्यांची जळजळ मिरची, टोमॅटो आणि रात्री उशिरा भरपेट जेवण यांनी वाढते. त्यांनी टॅको संध्याकाळी सात वाजता खावेत, अकराला नव्हे.

कुणासाठी काय

मधुमेह असेल तर मोजायची ती पोळी. सहा इंची मक्याच्या टॉर्टियात साधारण 10 ते 12 ग्रॅम कर्बोदकं असतात. दोन किंवा तीन पुरेत, सारण हवं तेवढं भरा. मक्याचे दाणे आणि रताळं सारणात घातलंत तर तीही कर्बोदकं आहेत, ती मोजणीतून सुटत नाहीत. भारतात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने दिला. त्यातल्या प्रत्येकाला आयुष्यभर जेवायचं आहे. त्यांना उकडलेला दुधी एवढंच उत्तर देऊन कसं भागेल?

मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा लेख वाचून राजम्यावर तुटून पडू नका. राजमा, टोमॅटो, अ‍ॅव्होकॅडो यांत पोटॅशियम भरपूर असतं, आणि कमी सोडियमचं म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात तर सहसा पोटॅशियमच मिसळलेलं असतं. तुमचं पोटॅशियम किती आहे ते बघूनच तुमच्या डॉक्टरांशी बोला.

रक्त कमी असलेल्यांसाठी लिंबू सोन्यासारखं. राजम्यातलं लोह शरीराला सहज घेता येत नाही, क जीवनसत्त्व ते घ्यायला मदत करतं. पण जेवणानंतर लगेच चहा घेतलात तर निम्मं काम वाया. तासभर थांबा. आणि बी-12 भाजीत नाही, राजम्यात नाही, मक्यात नाही. चक्क्यातून थोडं मिळेल. पूर्ण शाकाहारी असाल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर एकदा तपासून घ्या.

मांस सोडा असं मी सांगत नाही. जे खातात त्यांनी बेताने खावं. पण 'मेक्सिकन म्हणजे हेल्दी' असाही निष्कर्ष काढू नका. मेक्सिको आज लठ्ठपणा आणि मधुमेहाने हैराण आहे. 2014 मध्ये त्यांना साखरेच्या पेयांवर कर लावावा लागला, 2020 मध्ये पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे छापावे लागले. ज्या देशात चुना, मका आणि घेवडा होता, तिथेही बाटलीतलं गोड पाणी आणि तळलेली पाकिटं शिरली. टॅकोबरोबर मुलं कोला मागतील तेव्हा हे आठवा आणि कोकम सरबत द्या, साखर बेताने घालून.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने दिवसाला 400 ग्रॅम भाज्या खायला हव्यात. आपल्या ताटातली चमचाभर कोशिंबीर आणि बटाट्याची भाजी त्याच्या जवळपासही जात नाही. भाज्या भाजल्या की आकसतात, त्यामुळे एका माणसाच्या तीन टॅकोंत पाव किलो भाजी सहज बसते, आणि मुलं ती न कुरकुरता संपवतात. रविवारी राजमा भिजत घालायचा असेल तर शनिवारी रात्री, झोपण्यापूर्वी. फ्लॉवर ताजा घ्या, तुरे घट्ट असलेला.